चौमुखी नाद

दिवाळीच्या आधी घर झाडावयास काढले की माळ्यावरच्या वस्तूंचा निकाल लावण्याचा प्रसंग येतो. आणि निकाल बहुधा असा लागतो की, टाकून द्यावयाच्या म्हणून ज्या खाली काढल्या, त्याच वस्तू पुसूनपासून पुन्हा वर जातात. आमच्या घरच्या ह्या वार्षिक खटल्यात एक पुठ्ठ्याचे खोके दर वर्षी निर्दोष सुटते. त्यात ध्वनिमुद्रिका आहेत. तळाशी वडिलांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड तबकड्या. त्यांवर नंतरच्या लवचिक, मोठ्या, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे गाणाऱ्या एल. पी.; आणि सर्वांत वर, सोनेरी किनारीच्या पाकिटातली एक परदेशी तबकडी.

ही शेवटची मी मुंबईच्या चोरबाजारात घेतली. त्या बाजारात ग्रामोफोनचे पितळी कर्णे, जहाजावरची घड्याळे आणि सिनेमाची जुनी पोस्टरे ह्यांच्या गर्दीत अशा तबकड्यांचे गठ्ठे असतात. पाकिटावर बाखचे नाव होते आणि कोपऱ्यात एक अनोळखी खूण होती. मी ती न्याहाळतो आहे हे पाहून दुकानदार चाचा म्हणाले, "घेऊन जा साहेब. ह्याच्यात चार आवाज आहेत, दोनच्या भावात देतो."

मी हसून पैसे दिले. घरी आल्यावर कळले, चाचा थट्टा करीत नव्हते. त्या तबकडीत खरोखरच चार आवाज होते आणि ते खरोखरच दोनांच्या जागेत कोंबलेले होते. इंग्रजीत अशा मुद्रिकांना क्वाड्रोफोनिक म्हणतात. आपल्याकडे चार वातींच्या दिव्याला चौमुखी दिवा म्हणतात. त्या चालीवर आपण ह्या ध्वनीला चौमुखी म्हणू. हे कूळ मोठे अल्पायुषी ठरले. १९७० च्या सुमारास ते जन्मले, मोठ्या थाटामाटाने बाजारात मिरवले आणि आठ-नऊ वर्षांत जवळजवळ निर्वंश झाले. परंतु त्याची काही नातवंडे आज आपल्या घरांत, चित्रपटगृहांत, इतकेच काय गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा, आपली ओळख न देता वावरत आहेत. ती ओळख करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

*

देवाने माणसाला कान दोनच दिले, पण त्या दोहोंच्या बळावर त्याला दाही दिशांचा आवाज कळतो. डावीकडून हाक आली तर ती डाव्या कानाला उजव्याच्या आधी पोचते. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. आवाज पुढून की मागून, हे कानाच्या पाळीची घडण आणि मानेची किंचित हालचाल सांगते. म्हणून कीर्तनाला बसलेल्या माणसाला बुवा समोर आहेत, तबला एका अंगाला आहे आणि टाळ्यांचा गजर मागून उठतो आहे, हे डोळे मिटूनही कळते. आषाढात दिंडीतून चालणाऱ्याला तर विचारावयासच नको. टाळकऱ्यांच्या रांगा दोन्ही अंगांना, मृदंग पुढे किंवा मागे, आणि आपण त्या नादाच्या पोटात. तेथे श्रोता आणि गायक असा भेदच उरत नाही.

युरोपातल्या संगीतकारांनाही ह्या घेरणाऱ्या नादाचे आकर्षण जुने आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क देवळात सोळाव्या शतकात गायकांचे ताफे समोरासमोर, वेगवेगळ्या सज्जांत उभे करून त्यांच्यात सवाल-जवाब लावीत. आद्रियान विलार्ट आणि पुढे जोव्हान्नी गाब्रिएली हे त्या परंपरेतले मोठे रचनाकार. १८३७ साली पॅरिसमध्ये एक्तोर बेर्लिओझने मृतांसाठीच्या प्रार्थनेची आपली प्रचंड रचना सादर केली, तेव्हा पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांना ठेवावे अशी त्याने योजना केली होती. शेवटच्या न्यायाच्या दिवसाची तुतारी कोण्या एका दिशेने येऊन कसे चालेल?

मग १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ काढला आणि नाद साठवून ठेवण्याची विद्या माणसाच्या हाती आली. पण ह्या विद्येने जेवढे दिले तेवढेच घेतलेही. साऱ्या दिशा एका कर्ण्याच्या तोंडात शिरल्या आणि त्याच तोंडातून बाहेर पडल्या. गायक, सारंगी, तबला, सगळे एका बिंदूवर एकमेकांच्या डोक्यावर बसले. ऐकणाऱ्यांनी तक्रार केली नाही. बालगंधर्वांचे पद माजघरात ऐकू येते ह्याचेच नवल एवढे होते की, ऑर्गन कोणत्या बाजूला आहे हे कोण विचारतो!

हरवलेल्या दिशा परत मिळवण्याचा पहिला प्रयोग तबकडीवर नव्हे, टेलिफोनवर झाला. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर ह्या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ध्वनिग्राहक ओळीने मांडले आणि दूरच्या प्रदर्शनातील श्रोत्यांच्या दोन कानांना दोन निराळ्या नळ्या लावल्या. गायिका रंगमंचाच्या एका बाजूकडून दुसरीकडे चालत गेलेली लोकांना कळली. त्यानंतर अर्धशतकाने, १९३१ साली, इंग्लंडमधील ॲलन ब्लुमलाइन ह्या अभियंत्याने एकाच खाचेत दोन स्वतंत्र आवाज कसे कोरावे, ह्याचे पेटंट मागितले. त्याला ही कल्पना चित्रपटगृहात पत्नीशेजारी बसला असता सुचली, असे सांगतात. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला, हे त्याच्या कानाला खुपले. १९३४ च्या आरंभी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम मोट्सार्टच्या 'ज्युपिटर' सिंफनीची तालीम घेत असता ब्लुमलाइनने ती दोन आवाजांत मुद्रित केली. पण बाजाराला ह्या गोष्टीची घाई नव्हती. पुढे महायुद्ध आले आणि १९४२ च्या जूनमध्ये, विमानातून रडारची चाचणी घेत असता ते विमान कोसळून ब्लुमलाइन वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेला. आपली दोन आवाजांची तबकडी, जिला आपण स्टीरिओ म्हणतो, ती १९५८ साली दुकानांत मांडली गेलेली त्याने पाहिली नाही.

*

आता ह्या खाचेचे रहस्य थोडक्यात सांगितले पाहिजे; कारण पुढची सारी भांडणे तिच्यातच झाली.

तबकडीवरची खाच म्हणजे व्ही आकाराची एक अतिसूक्ष्म नाली. तिला दोन भिंती. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीत सुई ह्या नालीतून डावी-उजवी डोले आणि त्या डोलण्याचा आवाज होई. ब्लुमलाइनची युक्ती अशी की, एका भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज कोरावा, दुसरीवर उजव्या बाजूचा. सुई एकच, पण ती दोन्ही भिंतींचे म्हणणे एकाच वेळी ऐकते. दोन भिंती, दोन आवाज; हिशेब चोख जमला.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी लोकांना चार आवाज हवेसे वाटू लागले. दोन समोर, दोन पाठीमागे. नाटकगृहात वा देवळात बसल्यावर समोरच्या गाण्याबरोबर मागच्या भिंतींवरून परतणारा घुमारा आपल्याला वेढून घेतो, तो घरी का नसावा? चुंबकीय फितीवर हे सोपे होते. फितीवर शेजारी शेजारी चार पट्टे मुद्रित केले की झाले. १९६९ साली अमेरिकेतील व्हॅनगार्ड कंपनीने अशा चौपदरी फिती विकावयास काढल्याही. पण फिती आणि त्या वाजवणारी यंत्रे महाग. खरा बाजार तबकडीचा होता. आणि तबकडीच्या खाचेला तर भिंती दोनच!

येथे पीटर शायबर नावाचा एक गृहस्थ पुढे आला. हा मुळात अभियंता नव्हे. बसून नावाचे लाकडी सुषिर वाद्य वाजवणारा वादक. वाद्यवृंदात बसणाऱ्याला संगीत चहूबाजूंनी ऐकू येते, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने चार आवाज एका विशिष्ट प्रमाणात आणि विशिष्ट क्रमाने पुढेमागे सरकवून दोनांत मिसळण्याची, व वाजवताना ते पुन्हा उकलण्याची रीत बसवली आणि तिचे पेटंट घेतले.

शाळेत बीजगणित शिकलेल्या कोणाच्याही मनात येथे शंका यावी. दोन समीकरणांतून दोन अज्ञात काढता येतात. चार कसे काढणार? शंका रास्त आहे. ते पूर्णपणे निघत नाहीतच. उकललेल्या प्रत्येक आवाजात शेजारच्याचा अंश राहतो. चार भावंडांना दोन खाटांवर झोपवले तर सकाळी कोणाचा हात कोणाच्या अंगावर असेल हे सांगता येत नाही, तशातली ही गत. समोर मधोमध उभी राहून गाणारी बाई पाठीमागच्या कोपऱ्यांतूनही थोडी थोडी गाऊ लागते. म्हणून उकलणाऱ्या यंत्रात पुढे एक पहारेकरी बसवला गेला. क्षणोक्षणी ज्या दिशेचा आवाज मोठा, तिला तो वाव देई आणि बाकीच्यांना दाबून धरी. एक वाद्य वाजत असेल तेव्हा हा पहारेकरी चोख काम करी. चार वाद्ये एकदम वाजू लागली की त्याची त्रेधा उडे आणि आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होई.

*

शायबरने वाट दाखवली आणि तिच्यावर तीन पंथ निघाले.

पहिला पंथ अमेरिकेतील कोलंबियाचा, म्हणजे सी. बी. एस. कंपनीचा. तेथील प्रयोगशाळेत बेंजामिन बाउअर ह्या शास्त्रज्ञाने मिश्रणाची एक निराळी पद्धत बसवली. तिचे नाव एस. क्यू. हिने समोरच्या दोन आवाजांतले अंतर उत्तम राखले, पुढच्या-मागच्यांतले मात्र फारसे राखले नाही. इंग्लंडची ई. एम. आय. आणि जपानची सोनी ह्या पंथाला मिळाल्या. माझी सोनेरी किनारीची तबकडी ह्याच कुळातली. दुसरा पंथ जपानच्या सान्सुई कंपनीचा. त्याचे नाव क्यू. एस. तोही मिश्रणाचाच, पण त्याने चारही दिशांना सारखा न्याय, किंवा सारखा अन्याय, करण्याचे धोरण ठेवले.

तिसरा पंथ जपानच्याच जे. व्ही. सी. कंपनीचा; नाव सी. डी. फोर. ह्या मंडळींना मिश्रणाची तडजोड मान्य नव्हती. चार आवाज हवेत ना, मग चारही स्वतंत्र कोरू, असे त्यांनी ठरवले. त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. समजा, दोन भावांपाशी मिळून दहा रुपये आहेत आणि एकापाशी दुसऱ्यापेक्षा दोन जास्त आहेत. एवढ्यावरून एकापाशी सहा आणि दुसऱ्यापाशी चार, हे कोणीही सांगेल. बेरीज आणि वजाबाकी ठाऊक असली की दोन्ही रकमा मिळतात. जे. व्ही. सी. ने डाव्या भिंतीवर डावीकडच्या पुढच्या-मागच्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी कोरली. त्यांची वजाबाकी मात्र सेकंदाला ३०,००० कंपनांच्या एका लहरीवर चढवून, त्याच भिंतीवर बारीक नक्षीसारखी कोरली. उजव्या भिंतीवरही तसेच. माणसाच्या कानाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते, म्हणून ही नक्षी साध्या यंत्रावर ऐकूच येत नसे. ज्याच्यापाशी वेगळे उपकरण असेल, त्याला बेरीज-वजाबाकीतून चारही आवाज स्वच्छ मिळत.

पण एवढी बारीक नक्षी कोरावी कशी आणि वाचावी कशी? कोरताना तबकडी अर्ध्या किंवा त्याहूनही कमी वेगाने फिरवीत. वाचण्यासाठी जे. व्ही. सी. च्या नोरिओ शिबाता ह्यांनी हिऱ्याच्या सुईच्या टोकाला नवा घाट दिला. साधे टोक भिंतीला एका बिंदूशी टेकते. हे टोक भिंतीला उंचीच्या दिशेने लांब रेघेत टेकते. त्यामुळे बारीक नक्षी वाचता येते आणि दाब वाटला गेल्यामुळे खाच कमी झिजते. अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनी ह्या पंथात आली आणि १९७२ पासून तिच्या अशा तबकड्या निघू लागल्या. पुढे वॉर्नर, इलेक्ट्रा व अटलांटिक ह्या कंपन्यांचा गटही आला.

एका पंथाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर लावली तर आवाज निघे, पण दिशा चुकत. देवाच्या पालख्या वेगवेगळ्या, हे आपण समजू शकतो. येथे तर एकाच देवाच्या तीन पालख्यांनी एकमेकींची वाट अडवली होती.

*

ह्या भांडणात खरे संगीत मात्र निर्माण झाले, हे विसरता कामा नये.

माझ्याकडच्या तबकडीचेच पाहा. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील प्रार्थनामंदिरात चार ऑर्गन चार निरनिराळ्या ठिकाणी बसवलेले आहेत आणि मुख्य आसनावर बसून एकच वादक ते चारही वाजवू शकतो. मूळचा इंग्लंडचा, पण अमेरिकेत नावारूपाला आलेला ई. पॉवर बिग्ज ह्या वादकाने तेथे बाखच्या चार तोकाता आणि फ्यूग वाजवल्या आणि १९७४ साली त्याची चौमुखी मुद्रिका निघाली. फ्यूग म्हणजे एकाने सुरू केलेला स्वरवाक्यांश दुसऱ्याने, मग तिसऱ्याने उचलून पुढे नेणे. तो पाठलाग चार कोपऱ्यांतून ऐकणे म्हणजे ही कला ज्या कामासाठी जन्मली तेच काम तिने करणे होय. पिएर बुलेझने न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून बार्टोकची वाद्यवृंदासाठीची रचना वाजवून घेतली, ती वादकांना चहूबाजूंनी बसवून. ऐकणारा जणू संचालकाच्या चौथऱ्यावर उभा राहतो.

तरुणांच्या संगीतात पिंक फ्लॉइड ह्या इंग्रजी ताफ्याला ह्या नादाचा ध्यास आधीपासून होता. १९६७ च्या मे महिन्यात लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी एक पेटी आणली. तिच्यावरची दांडी हलवली की आवाज सभागृहात फिरत जाई. ॲबी रोडच्या बर्नार्ड स्पाइट ह्या तंत्रज्ञाने ती बनवली होती. त्या कार्यक्रमानंतर ती चोरीस गेली, आणि मग दुसरी बनवावी लागली. त्यांची १९७३ ची 'डार्क साइड ऑफ द मून' एस. क्यू. मध्ये निघाली तेव्हा चार आवाजांची मांडणी ॲलन पार्सन्सने केली होती. त्याच वर्षी एल्व्हिस प्रेस्लीचा हवाई बेटांतून उपग्रहाद्वारे दाखवलेला जलसा आर. सी. ए. ने चौमुखी तबकड्यांवर काढला आणि तो अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. जपानमध्ये इसाओ तोमिताने विद्युत्-वाद्यांवर देब्यूसीच्या रचना बांधल्या, त्याही चार दिशांचा विचार करून. म्हणजे कल्पना हौशी लोकांपुरती होती असे नव्हे. गुणी माणसे तिच्यामागे होती.

मग ती मेली कशाने?

एक कारण तीन पंथांचे. दुकानात गेलेल्या माणसाला विक्रेता विचारी, "कोणत्या पद्धतीचे हवे?" गाणे घ्यावयास आलेल्या माणसाला पद्धत विचारली की तो सावध होतो, पुढच्या वर्षी पाहू म्हणतो. पुढच्या वर्षी भांडण मिटलेले नसे. दुसरे कारण खर्चाचे. दोन जास्तीच्या पेट्या, जास्तीचा ध्वनिवर्धक, उकलणारे यंत्र, आणि सी. डी. फोर असेल तर नवी सुई. तिसरे कारण काळाचे. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले. तबकडी ज्या व्हिनाइलची होते ते तेलापासूनच बनते. चौथे कारण, विक्रीसाठी केलेल्या पोरखेळाचे. आगगाडी पुढच्या दारातून शिरून मागच्या खिडकीतून निघून जाते, असले चमत्कार दुकानात दाखवले जात. चमत्कार एकदा पाहावयाचा असतो. रोज संध्याकाळी आगगाडी घरात कोण घेणार?

परंतु माझ्या मते सर्वांत मोठे कारण ह्या कशातच नाही. ते खुर्चीत आहे. चार पेट्या चार कोपऱ्यांत ठेवल्या की त्यांचा मेळ खोलीच्या मध्यभागी एकाच जागी नीट बसतो. तेथे एक खुर्ची मावते. त्या खुर्चीत बसलेल्याला स्वर्ग. बाकीच्यांना जवळच्या पेटीचा गोंगाट. रेडिओ चाळीतला सारा मजला ऐकत असे. बापाच्या ग्रामोफोनभोवती घरचे आणि शेजारचे जमत. चार दिशांचा हा थाट मात्र घरातल्या एका माणसासाठी होता आणि त्यासाठी दिवाणखान्यातले सगळे सामान हलवावे लागे. १९७८ च्या सुमारास कंपन्यांनी एकेक करून हात आखडता घेतला.

*

आता त्या नातवंडांची गोष्ट.

घरातून हद्दपार झालेली ही विद्या चित्रपटगृहात शिरली. डॉल्बी कंपनीला चित्रपटाच्या फितीच्या कडेला असलेल्या दोन अरुंद पट्ट्यांत चार आवाज बसवावयाचे होते: डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांना वेढणारा. दोनांत चार! म्हणजे तोच जुना प्रश्न, आणि उत्तरही त्याच जातीचे. १९७७ साली 'स्टार वॉर्स'ने हा नाद जगभर गाजवला. चित्रपटगृहात खुर्चीचा प्रश्न नव्हता. तेथे सगळेच मधोमध बसल्यासारखे. आपल्याकडे मुंबईच्या मिनर्व्हात १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर लागला, तेव्हा हवेत फेकलेल्या नाण्याचा खणखणाट लोकांनी अनेक बाजूंनी ऐकला. तो फितीवरच्या स्वतंत्र पट्ट्यांचा प्रताप होता. मिसळून उकलण्याची डॉल्बीची रीत हिंदी चित्रपटांत नंतर, १९९० नंतरच्या दशकात रुळली.

पीटर शायबरचे काय झाले? १९८३ साली त्याने आपल्या पेटंटांचा भंग झाला म्हणून डॉल्बीवर दावा लावला. तडजोड झाली. दर कमी, पण पैसे शेवटचे पेटंट संपेपर्यंत मिळत राहावे, असे ठरले. अमेरिकेतली पेटंटे १९९३ मध्ये संपली; कॅनडातले १९९५ पर्यंत होते. मधल्या काळातल्या अमेरिकी पेटंटांचे पैसे देण्यास डॉल्बीने नकार दिला. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि २००२ साली अपिलात शायबर हरला. न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर ह्यांनी निकालपत्रात ज्या जुन्या निवाड्यावर हे सारे अवलंबून होते त्याच्या तर्कावर उघड टीका केली. पण तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाचा, १९६४ चा. तो बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे म्हणून डॉल्बीच्या बाजूने कौल दिला. स्वतः लिहून दिलेला शब्द एका पक्षाने मोडला आणि कायद्याने त्याला मोडू दिला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. बसून वाजवणाऱ्या माणसाला ते कसे वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

नशिबाची थट्टा पाहा. ज्याच्या डोक्यातून ही रीत निघाली त्याचे नाव जगात थोड्यांना ठाऊक. आणि 'डॉल्बी' हा शब्द मात्र मराठीत असा रुजला की, खेड्यातले पोरही तो वापरते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या पेट्यांच्या भिंतीला आपण डॉल्बी म्हणतो. त्या भिंतीचा त्या कंपनीशी संबंध नाही आणि चार दिशांशी तर मुळीच नाही. एकाच बाजूने येऊन छातीवर आदळणारा तो आवाज! दिशांचे सूक्ष्म भान परत मिळवण्यासाठी निघालेल्या विद्येचे नाव शेवटी कोठे येऊन चिकटले!

*

आज ह्या चौमुखी तबकड्या पुन्हा विकल्या-घेतल्या जातात. परदेशांत त्यांचे शौकीन आहेत. जुन्या पद्धती उकलणारी नवी यंत्रे निघाली आहेत, संगणकावरही हे काम होते. कंपन्यांच्या कोठारांतल्या मूळ चौपदरी फिती बाहेर काढून नव्या चकत्यांवर आणल्या जात आहेत. रायनो कंपनीने २०१६ साली शिकागो ह्या ताफ्याच्या अशा मुद्रिकांचा संचच काढला. शिबातांच्या घाटाची सुई तर कधी मेलीच नाही. ती साध्या स्टीरिओ तबकड्याही अधिक स्वच्छ वाचते असे आढळले आणि आजही ती बनते.

मात्र ही खरेदी जपून करावी लागते. एकदा मी एका विक्रेत्याकडून टपालाने सी. डी. फोरची तबकडी मागवली. "उत्तम वाजते," असे त्याने लिहिले होते, आणि साध्या यंत्रावर ती उत्तम वाजलीही. पण पुतण्याच्या मित्राकडच्या उकलणाऱ्या यंत्रावर लावली तेव्हा मागच्या दोन पेट्यांतून तळणीतल्या मोहरीसारखी तडतड. पूर्वी कोणीतरी जाड टोकाच्या सुईने ती शेकडो वेळा वाजवली होती. बेरीज शाबूत होती. वजाबाकीची नक्षी पुसून गेली होती. विक्रेता खोटे बोलला नव्हता. त्याने जेवढे ऐकले तेवढे सांगितले. मला वाटते, जुन्या वस्तूंच्या व्यापारात खोट्यापेक्षा अर्ध्या खऱ्यानेच अधिक फसगत होते. म्हणून घेणाऱ्याने "कशी वाजते" एवढेच न विचारता "कशावर वाजवून पाहिली" हे विचारावे, आणि विकणाऱ्याने ते न विचारता सांगावे. मिश्रणाच्या, म्हणजे एस. क्यू. आणि क्यू. एस. च्या तबकड्यांना हे भय कमी. त्यांचे सारे गुपित ऐकू येणाऱ्या आवाजातच असते.

गेल्या दिवाळीत पुतण्याने माझी बाखची तबकडी संगणकाच्या साहाय्याने उकलली आणि दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत चार पेट्या मांडल्या. मधोमध एक खुर्ची ठेवली. पहिला मान आईचा. तिचा उजवा कान कित्येक वर्षे बंद आहे.

"काका, आजीला काय कळणार? एका कानाला दिशा कळत नाही," पुतण्या माझ्या कानाशी कुजबुजला. शास्त्र त्याच्या बाजूने होते. तरी मी तिला बसवले.

ऑर्गन सुरू झाला. पहिला स्वर समोरून आला, दुसऱ्याने मागून उत्तर दिले. आम्ही सगळे मेळ बिघडू नये म्हणून भिंतींना पाठी लावून, श्वास रोखून उभे होतो. आई डोळे मिटून ऐकत होती. बाजू संपल्यावर मी विचारले, "कसं वाटलं?"

"देवळात बसल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. "पण तुम्ही सगळे असे भिंतीला चिकटून का उभे? देवळात कोणी असं उभं राहतं का? सतरंजी घाला, आणि या इकडे."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मग त्यानेच खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि सतरंजी अंथरली. दुसरी बाजू आम्ही आठ जणांनी खाली बसून, एकमेकांना टेकून, फराळाची ताटे मध्ये ठेवून ऐकली. चार आवाजांचा मेळ अर्थातच कोणालाही नीट बसला नाही. धाकटीला फक्त मागचा ऑर्गन ऐकू आला, म्हणून ती उलटी फिरून बसली. पण तबकडी संपल्यावर कोणी उठले नाही. आईने ती बाजू पुन्हा लावावयास सांगितली.

ह्या वर्षीही ते खोके माळ्यावरून खाली आले आहे, आणि त्याच्याबरोबर सतरंजीही.